बाण मारणारी हवेची बंदूक: एअरबोला धनुष्याच्या पंगतीत बसवायचं का?

कोदंड (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी पेनसिल्व्हेनियात आहे. पोटापाण्याचं काम दाबाच्या व्हॉल्व्हचं, आणि सुटीच्या दिवशी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेऊन रेंजवर. मी शिकार करत नाही, पण रेंजवरचे माझे बरेचसे सोबती करतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने एअरबो आणली. मी चार बाण मारून पाहिले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

आधीच सांगतो, मी मुद्दाम ‘ती एअरबो’ लिहितोय, बंदूक म्हणून. नावात ‘बो’ आहे, म्हणजे धनुष्य, म्हणून ‘ते’ लिहायला हवं असं कुणी म्हणेल. माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बेंजामिन पायोनियर ही या जातीतली पहिली गाजलेली एअरबो, क्रॉसमन कंपनीने २०१६ च्या सुरुवातीला आणलेली. साधारण ८५ सेंटिमीटर लांब, आतल्या टाकीत ३००० पीएसआय म्हणजे सुमारे २०० बार दाबाची हवा. एका भरणीत आठ बाण. बाण ३७५ ग्रेनचा, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला ४५० फूट, म्हणजे १३७ मीटर. हिशेब केला तर २२९ ज्यूल ऊर्जा होते. बऱ्यापैकी ताकदीच्या कंपाउंड (टोकांना कप्पे असलेल्या) धनुष्यातून ४०० ग्रेनचा बाण २८० फुटांनी सुटला तर ९४ ज्यूल. म्हणजे ही त्याच्या जवळजवळ अडीचपट.

पण मला भुरळ पडली ती बाण बसवण्याच्या पद्धतीची. मला वाटलं होतं, बंदुकीच्या नळीत गोळी सरकवतात तसा बाण नळीत घालायचा असेल. तसं नाही. इथे नळी बारीक आहे आणि बाण पोकळ. बाणाच्या मागे खाच नाही, दांडी मागून उघडी. ती दांडी नळीवर चढवायची, तलवारीवर म्यान चढवावी तशी, पार टोकापर्यंत. चाप ओढला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवा नळीच्या तोंडातून बाहेर पडते आणि बाणाच्या पुढच्या बंद टोकावर आतून आदळते. जोर लागतो तो बाणाच्या टोकाच्या लगेच मागे. बाकीची दांडी त्याच्यामागून ओढली जाते.

धनुष्यात याच्या बरोब्बर उलटं घडतं. प्रत्यंचा बाणाला मागून ढकलते, आणि लांब, बारीक काठीला मागून एकदम जोर दिला की ती वाकते. धनुष्यातून सुटलेला बाण पहिले काही मीटर मासा पोहावा तसा वळवळत जातो. म्हणूनच दांडीचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर बाण डावी-उजवी खातो. सुतळी जमिनीवर ठेवून मागून ढकला, तिचा गोळा होईल. पुढून ओढा, सरळ येईल. एअरबोने बाणाला ओढायला घेतलं आणि हजारो वर्षांची कटकट एका फटक्यात मिटवली. ज्याला हे सुचलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

जोराचा अंदाजही घेऊन पाहिला. नळीचा व्यास ६ मिलिमीटर धरा. २०० बारला तेवढ्या तोंडावर सुमारे ६० किलोचा रेटा येतो. तो अर्धा मीटर टिकला असता तर २९० ज्यूल मिळाले असते. हवा पसरताना दाब उतरतो, म्हणून हाती येतात २२९. इतक्या साध्या यंत्राला हा हिशेब उत्तम आहे.

आता मत. यंत्र म्हणून ती मला फार आवडली. आणि म्हणूनच सांगतो, ही बंदूक आहे. तिला तिरंदाजीच्या हंगामात येऊ देऊ नये.

इकडची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी: हरणांच्या शिकारीचे हंगाम इथे हत्यारागणिक वेगळे असतात. धनुष्याचा हंगाम लवकर सुरू होतो आणि लांब चालतो. पेनसिल्व्हेनियात रायफलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगनंतर लागतो आणि दोन आठवडे टिकतो. धनुष्यवाल्यांना ही सवलत एकाच कारणाने मिळाली. हरणाच्या वीस-पंचवीस मीटर जवळ जाऊन, त्याच्या देखत धनुष्य ओढून, ओढलेलं धरून ठेवून नेम साधणं अवघड आहे, आणि त्यामुळे हरणं कमी पडतात. तीच अडचण यंत्राने काढून टाकली तर सवलत कशाची मागायची?

सरळमार्ग

तांत्रिक भाग छान लिहिला आहे, अगदी मनापासून. निष्कर्ष मात्र मान्य नाही. आणि मी ‘ते एअरबो’ लिहिणार.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि शिकार करतो. तुम्ही म्हणता ती रेघ याआधी किती वेळा सरकली ते पाहा. १९६६ मध्ये मिसूरीच्या हॉलिस ॲलनने कप्प्यांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. ते कंपाउंड धनुष्य. पूर्ण ओढल्यावर त्यात जोर गळून पडतो, हातावर थोडाच भार राहतो. तेव्हाही जुने तिरंदाज म्हणाले, हे यंत्र आहे, धनुष्य नव्हे. आज तिरंदाजीच्या हंगामात मला साधं धनुष्य घेतलेला माणूस शोधूनही सापडत नाही. मग क्रॉसबो आला, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप ओढून सोडायचं धनुष्य. तुमच्या पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये तो धनुष्याच्या हंगामात घेतला, आमच्याकडेही त्याच वर्षी दारं उघडली. आणि त्याही आधी, ११३९ मध्ये, रोमच्या धर्मपरिषदेने ख्रिश्चनांवर क्रॉसबो चालवायला बंदी घातली होती. ज्याने त्याने आपल्या हातातल्या हत्यारापाशी रेघ मारली.

वेगाचं म्हणाल, तर टेनपॉइंटचा नायट्रो ५०५ हा क्रॉसबो २०२१ मध्ये आला. ४०० ग्रेनचा बाण, सेकंदाला ५०५ फूट. तुमच्याच सूत्राने ३०७ ज्यूल होतात. तो तिरंदाजीत चालतो, आणि २२९ ज्यूलचं एअरबो चालत नाही. हा न्याय मला कळत नाही.

शिवाय हरणाच्या बाजूने कुणी बोलणार की नाही? अर्धवट लागलेला बाण घेऊन हरीण मैलभर धावतं, रात्रभर झुडपात पडून राहतं, आणि सकाळी आपण रक्ताचे थेंब मोजत फिरतो. मी हे स्वतः केलं आहे आणि पुन्हा करायची इच्छा नाही. जे हत्यार बाण अचूक आणि खोल नेतं, ते दयेचं हत्यार आहे. हंगामाची शुद्धता जपण्यासाठी हरणाने का तडफडायचं?

कोदंड

सरळमार्ग, नायट्रोचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मान्य करतो. ऊर्जेच्या आकड्यावर रेघ मारता येणार नाही. मी आकडे दिले ते यंत्र समजावं म्हणून, पण त्यामुळे युक्तिवाद ऊर्जेचाच आहे असं वाटलं. चूक माझी.

माझी रेघ दुसरीकडे आहे. धनुष्यात ऊर्जा साठते ती वाकवलेल्या पात्यांत, आणि ती पाती प्रत्येक बाणाला नव्याने कुणीतरी वाकवावी लागतात. क्रॉसबोत ती हँडल फिरवून वाकवतात, तरी प्रत्येक बाणामागे तो कष्ट आहे. एअरबोत तुम्ही आदल्या आठवड्यात दुकानातून टाकी भरून आणता आणि रानात फक्त एक हलका दांडा मागे ओढता. आठ वेळा.

कायद्यात तर ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ‘फायरआर्म’ची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर उभी आहे. इथे स्फोटक नाही, म्हणून ती बंदूक नाही आणि खरेदीच्या वेळी पार्श्वभूमीची तपासणी नाही. धनुष्य म्हणावं, तर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुकांवर आणि १९७२ पासून धनुष्यांवरही जो ११ टक्के कर बसतो, त्यात धनुष्य ओळखतात ते ओढीच्या जोरावरून, निदान ३० पौंड. हिला ओढच नाही. या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, रानं आणि पाणथळ जागा त्यावर टिकतात. जे हत्यार रानातून घेतं त्याने रानाला द्यावं, एवढं साधं आहे.

सरळमार्ग

कर लावा ना. मी आनंदाने भरीन. त्यासाठी हंगामाबाहेर काढायचं कारण काय?

आणि कष्टाचा मुद्दा असेल तर २०० बारची टाकी हातपंपानेही भरते, तीन टप्प्यांचे पंप मिळतात. मी भरली आहे. शेवटच्या पन्नास बारला माणूस घामाने निथळतो. ते माझेच स्नायू होते. फक्त ऊर्जा लाकडात न साठता हवेत साठली. स्प्रिंग पोलादाची असो की हवेची, भौतिकशास्त्राला फरक पडत नाही.

मावळता नेम

मी साताऱ्याकडचा. मुलांना कंपाउंड शिकवतो. शिकारीशी माझा काही संबंध नाही आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे, त्यामुळे तुमच्या हंगामांवर मी बोलणार नाही. धनुष्य म्हणजे काय, एवढ्यावर मात्र बोलतो.

कंपाउंडला यंत्र म्हणून हिणवणारे मीही ऐकले आहेत. १९९५ मध्ये जकार्ताला कंपाउंड पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत आलं. २०२३ मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र दुहेरी ऑलिंपिकमध्ये येते आहे. तेव्हा सरळमार्ग, रेघ सरकते हे तुमचं म्हणणं खरं आहे.

पण ती का सरकली? कारण कंपाउंडमध्येही धरून ठेवायचं काम माणसाचं आहे. कप्पे भार हलका करतात, संपवत नाहीत. पाठीचे स्नायू आवळलेले असतात, श्वास अर्ध्यावर थांबलेला, आणि लोलकासारखी हलणारी नेमाची पिन सोनेरी वर्तुळावर स्थिरावेपर्यंत तुम्ही तो भार अंगावर घेऊन उभे असता. मुलं चुकतात ती इथेच. हात थकतो, मन घाई करतं, बाण जातो. माझं निम्मं शिकवणं त्या पाच-सहा सेकंदांचं आहे. क्रॉसबोत आणि एअरबोत ते सेकंदच नाहीत. ऊर्जा कड्यात अडकून पडलेली असते, ती कुणीतरी आधीच धरून ठेवली आहे. म्हणून माझ्या लेखी हे दोन्ही एका बाजूला आणि कंपाउंड दुसऱ्या बाजूला.

आपल्या भाषेत ‘चाप’ म्हणजे धनुष्यही आणि बंदुकीचा खटकाही. मुलांना मी सांगतो, तुम्ही पहिला चाप शिकताय.

कोदंड

मावळता नेम, हे मी मांडायला हवं होतं आणि मला सुचलं नाही. ‘कोण धरून ठेवतं’ ही माझ्या ‘कोण भरतं’पेक्षा चांगली रेघ आहे. हातपंपाच्या युक्तिवादालाही यात उत्तर मिळतं.

पण मग प्रामाणिकपणे मला क्रॉसबोही धनुष्याच्या हंगामातून बाहेर काढायला हवा. मी काढीन. २००९ नंतर आता ते कुणी ऐकणार नाही, हे माहीत असूनही माझं मत तेच राहील.

नवशिका

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. वाचून भारी वाटलं. पीव्हीसी पाइप, सायकलचा पंप आणि स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह घेऊन प्रोजेक्ट म्हणून छोटं मॉडेल करता येईल का? दाब कमीच ठेवीन.

कोदंड

नाही. आणि हे मी वादापुरतं बोलत नाही, माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो. पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, कोंडलेल्या हवेसाठी नसतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप फुटला तर पाणी उसळून जोर लगेच संपतो. हवा स्प्रिंगसारखी दाबलेली असते. फुटली की सगळी साठवण एका क्षणात मोकळी होते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे उडतात. हे कमी दाबालाही होतं, कारण उन्हाने आणि जुनेपणाने पीव्हीसी ठिसूळ होतं.

खऱ्या टाक्यांना उगाच इतके नियम नाहीत. अमेरिकेत कार्बन फायबरच्या टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात आणि पंधरा वर्षांनी ती बाद होते. त्यात ऑक्सिजन कधीही भरत नाहीत, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा नुसता ओशटपणाही पेटायला पुरतो.

प्रोजेक्टच हवा असेल तर कागदावर करा. हवा पसरताना दाब किती उतरतो, बाणाचं वजन बदललं तर वेग आणि ऊर्जा कशी बदलते, याचा आलेख काढा. हवं तर माझे आकडे वापरा. मी तपासून देईन.

मावळता नेम

आणि कायदाही बघ बाळा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे आपल्याकडे ०.१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअरगन तेवढी परवान्यावाचून चालते. कोदंड सांगतायत ती २२९ ज्यूलची आहे, अकरापट. मंडळात ये, धनुष्य देतो.

गवताळ

मी पशुवैद्य. विदर्भात वनविभागाच्या मदतीला जातो, बिबट्या विहिरीत पडला किंवा उसात-तुरीत अडकला की बोलावणं येतं. चर्चा वेगळ्याच दिशेची आहे, पण ‘दाबलेल्या वायूने बाण मारणारी बंदूक’ मी प्रत्यक्ष कामासाठी हाताळतो, म्हणून लिहितो.

आमचा बाण म्हणजे सिरिंज. मागे रंगीत शेपटी, पुढे सुई. सिरिंजचे दोन कप्पे: पुढे औषध, मागे दाबलेली हवा. सुईचं छिद्र टोकाला नसून बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली. सुई कातडीत शिरली की ती नळी मागे सरकते, छिद्र उघडं पडतं आणि मागची हवा औषध स्नायूत ढकलते. म्हणजे बंदुकीत एक वायू आणि बाणात दुसरा. न्यूझीलंडचे पशुवैद्य कॉलिन मर्डॉक आणि अमेरिकेत जॉर्जियातली मंडळी यांनी १९५० च्या दशकात हा मार्ग घडवला. जॉर्जियात सुरुवातीचे प्रयोग तुमच्याच त्या व्हाइटटेल हरणांवर झाले होते.

सांगायचं ते हे. तुम्ही दोघंही वेग आणि खोली वाढवण्याबद्दल बोलताय. आमची सगळी कसरत ते कमी ठेवण्याची. बिबट्याच्या मांडीवर बाण जास्त जोरात बसला तर सुई हाडात जाते, स्नायू फाटतो, आणि वाचवायला गेलेलं जनावर आपल्याच हाताने जायबंदी होतं. कमी पडला तर नळी सरकत नाही, औषध आतच राहतं. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या बंदुकीला दाबाचा काटा असतो. अंतर डोळ्याने मापायचं, काट्यावर तेवढा दाब घ्यायचा, आणि मगच चाप.

या वायूचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. बाटलीत तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, शून्याला ३५. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं. काटा नसता तर सकाळचा आणि दुपारचा बाण दोन वेगळ्या बंदुकांतून सुटल्यासारखा गेला असता.

आणि एक विनंती. बाण लागल्यावर बिबट्या लगेच पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात गावकऱ्यांची गर्दी मोबाइल घेऊन पुढे सरकते, जनावर बिथरतं आणि माणसं जखमी होतात. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी कधी अशा जागी असेल तर कृपा करून मागे थांबा आणि दुसऱ्यांनाही मागे घ्या.

सरळमार्ग

गवताळ, माहितीबद्दल आभार. पण तुमच्या लिहिण्यातून माझीच बाजू भक्कम होते. हत्यार चांगलं की वाईट हे बाण जिथे लागतो तिथे ठरतं. तुम्हाला जनावर जगवायचं आहे म्हणून जोर मोजून घेता. मला ते पटकन मारायचं आहे म्हणून मी पुरेसा जोर घेतो. दोघांचं लक्ष जनावराच्या वेदनेवर आहे. कोदंडांचं लक्ष माणसाच्या कष्टावर.

एक हिशेब मीही देतो. चाप सुटल्याचा आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. तीस मीटरवरच्या हरणाला तो ०.०९ सेकंदात ऐकू येतो. कंपाउंडचा बाण पोहोचायला ०.३५ सेकंद, एअरबोचा ०.२२. म्हणजे आवाज ऐकल्यावर हरणाकडे एकीकडे पाव सेकंद आहे, दुसरीकडे त्याच्या निम्मा. हरीण दचकून खाली दबतं, पळण्यासाठी पाय दुमडतं, आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीच्या कण्याजवळ लागतो. जखमी हरणांची गोष्ट इथे सुरू होते.

कोदंड

हिशेब बरोबर आहे. त्यात एक भर घालतो. धनुष्याचा आवाज म्हणजे दबका ठप्प, एअरबोचा खणखणीत फटाका. रेंजवर शेजारच्या लेनमधले दोघं वळून पाहत होते. तेव्हा हरणाला वेळ कमी मिळतो हे खरं, पण ते दचकण्याची खात्री वाढते. शिवाय दाबनियंत्रक नसलेल्या टाकीत दर बाणागणिक दाब उतरतो आणि बाण खाली लागत जातो. पहिला आणि आठवा बाण एकाच जागी लागेल या भरवशावर कुणी चाळीस-पन्नास मीटरवरून मारला, तर पुन्हा जखमी हरीणच. यंत्र अचूक असलं की माणूस लांबून मारायला धजावतो. मला भीती त्याची आहे. तुमच्यासारख्या जबाबदार माणसाबद्दल मी हे म्हणत नाही.

टेक्सासने २०१८ मध्ये जे केलं ते मला योग्य वाटतं: एअरगन आणि एअरबोने मोठी शिकार करायला परवानगी दिली, पण खास तिरंदाजीच्या हंगामातून तिला बाहेर ठेवलं. बंदी नको. जागा बंदुकांच्या हंगामात.

सरळमार्ग

बंदुकांच्या हंगामात रायफल सोडून एअरबो कोण घेईल? परवानगी देऊन अडगळीत ठेवल्यासारखं आहे ते.

उजवा खांदा

इतका वेळ नुसती वाचत होते.

मी न्यू जर्सीत असते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर रानात जायला लागले. आधी नुसती सोबत म्हणून, मग स्वतःचं कंपाउंड घेतलं. पहाटे चारला थर्मासमध्ये चहा घेऊन निघायचं, झाडावरच्या मचाणावर बसायचं, उजाडताना पानांवरचं दव पडायला लागतं तो आवाज ऐकायचा. सोळा वर्षं. त्यातली निम्मी वर्षं मी बाण सोडलेलाही नाही, आणि तरी एकही पहाट वाया गेली असं वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी खांद्याचे स्नायुबंध फाटले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आता उजवा हात छातीच्या वर जोर लावू शकत नाही. क्रॉसबो घेऊन पाहिला. हँडल फिरवताना मचाणावर तोल जातो, आणि बाण न मारता परत उतरायचं असेल तर ती ताणलेली दोरी सोडवणं मला एकटीला झेपत नाही. पुष्कळ लोक संध्याकाळी जमिनीत बाण मारून क्रॉसबो रिकामा करतात. एअरबोत बाण न मारता कळ उतरवता येते, असं वाचलं आहे. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. वेग नाही, आठ बाण नाहीत.

मावळता नेम, तुमचे ते पाच-सहा सेकंद मला माहीत आहेत. सोळा वर्षं मी ते अंगावर घेतले आहेत. आता माझ्याकडे नाहीत. मग मी बंदुकांच्या हंगामात, नारिंगी जाकिटांच्या गर्दीत आणि गोळ्यांच्या आवाजात जायचं का? मला ऑक्टोबरचं रान हवं आहे.

मावळता नेम

ताई, मी ‘धनुष्य म्हणजे काय’ एवढंच लिहिलं होतं. रानात कुणी जावं यावर मी बोललो नाही, आणि तुमच्या बाबतीत तर बोलायचा मला अधिकारही नाही. आमच्याकडे एक मुलगा दातांनी प्रत्यंचा ओढतो, त्याच्यासाठी आम्ही दोरीला चामड्याचा तुकडा बांधला. तेव्हा कुणी विचारलं नाही की हे नियमात बसतं का.

कोदंड

ताई, कळ उतरवण्याबद्दल तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, मी ती स्वतः उतरवून पाहिली. दांडा धरून हळूच पुढे सोडायचा, बाण हाताने नळीवरून काढून भात्यात ठेवायचा. हवा टाकीतच राहते. रचना म्हणून क्रॉसबोपेक्षा ही सुरक्षित आहे, आणि हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

माझं मत बदलतो, पूर्ण नाही, पण बदलतो. क्रॉसबो जेव्हा सरसकट चालत नव्हता, तेव्हाही बऱ्याच राज्यांनी धनुष्य ओढू न शकणाऱ्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर तो वापरू दिला होता. एअरबोला तिरंदाजीच्या हंगामात नेमका तोच अपवाद हवा. मी इथल्या शिकार आयोगाला तसं पत्र लिहितो, तुम्ही तुमच्या राज्यात लिहा. सरळमार्ग, तुम्हीही लिहाल का?

सरळमार्ग

लिहीन. पण मी सगळ्यांसाठी मागणार आहे, फक्त दाखलेवाल्यांसाठी नाही. अपवाद म्हणून आलेला क्रॉसबो पुढे सगळ्यांचा झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कोदंड

ठाऊक आहे. तरीही अपवाद मागतो. पुढचं भांडण पुढे करू.

उजवा खांदा

कोदंड, ती एअरबो तुमच्या रेंजवर अजून असते का? विकत घेण्याआधी दांडा मागे ओढायला किती जोर लागतो ते हातात घेऊन बघायचं आहे. माझ्याकडून दोन तासांचा रस्ता आहे.

कोदंड

मालक दर शनिवारी सकाळी असतो, त्याला आजच विचारलं, हो म्हणाला. दांड्याला जोर जवळजवळ लागतच नाही, डाव्या हातानेही होईल. टाकी भरून ठेवायला सांगतो. मचाणाच्या उंचीवरून मारता यावं म्हणून रेंजच्या मागे लाकडी माळा आहे, तिथे बसून बघा. जिना अरुंद आहे, कठडा डाव्या बाजूला आहे.